दंत व्हिनियर

दंत व्हिनियर : दाताच्या ओठाकडील दर्शनी पृष्ठभागावर कायमचे चिकटविलेले पोर्सलिनाचे किंवा रेझिनाचे पातळ कवच. त्याची जाडी सामान्यतः ०·३ ते ०·७ मिमी. म्हणजे साधारणपणे बोटाच्या नखाइतकी असते. हसताना व बोलताना दिसणाऱ्या दातांचा रंग, आकार, लांबी किंवा ठेवण यांतील दोष झाकण्यासाठी त्याचा उपयोग करतात. साध्या लाकडावर सागवानासारख्या चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून फर्निचरचा दर्शनी भाग सुशोभित करतात. या पापुद्र्याला सुतारकामात व्हिनियर म्हणतात व त्यावरूनच हे नाव दंतवैद्यकात आले.

व्हिनियर आणि दाताची टोपी (व्यवहारात ‘कॅप’ या नावाने ओळखली जाणारी) यांत गल्लत होण्याचा संभव असतो. टोपी दाताच्या सर्व बाजू वेढते व ती बसविण्यासाठी दात चोहोबाजूंनी घासून बारीक करावा लागतो. व्हिनियर प्रामुख्याने दर्शनी बाजूच झाकते व फार तर दाताच्या कडेवरून थोडे आत वळविलेले असते. पुढच्या दातांबाबत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत व्हिनियरसाठी दाताच्या हिरडीबाहेरील भागापैकी ३ ते ३० टक्के, तर संपूर्ण टोपीसाठी ६३ ते ७२ टक्के भाग काढून टाकावा लागतो असे आढळले.

सुतारकामातील आणि दातावरील व्हिनियर यांत एक मूलभूत फरक आहे. रंधलेली फळी बिघडली, तर नवी घेता येते. दाताचे दंतवल्क (दातावरील चकचकीत व अत्यंत कठीण आवरण) एकदा घासले गेले की, शरीर ते पुन्हा निर्माण करू शकत नाही. शिवाय या कवचाची दातावरील पकड मुख्यतः दंतवल्कावरच अवलंबून असते. त्यामुळे जे द्रव्य घासून कवचाला जागा करावयाची, तेच द्रव्य त्याला टिकवून धरणारे असते. व्हिनियरचे तंत्र, त्याचे यश आणि त्यातील धोके या सर्वांचा उलगडा या एका गोष्टीवरून होतो.

दाताची संरचना व रंग : दाताच्या हिरडीबाहेरील भागावर दंतवल्काचे आवरण असते. शरीरातील सर्वांत कठीण असे हे द्रव्य असून वजनाने त्याचा सु. ९६ टक्के भाग खनिजाचा, मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाचा असतो. दंतवल्क ज्या कोशिकांपासून तयार होते, त्या दात हिरडीतून बाहेर येताना नष्ट होतात. म्हणून त्याची झीज भरून निघत नाही. दंतवल्काखाली दंतिन असते. त्यात खनिजाचे प्रमाण सु. ७० टक्के असून उरलेला भाग प्रथिनतंतू व पाणी यांचा असतो. दंतिनातील असंख्य सूक्ष्म नलिका दाताच्या मध्यभागी असलेल्या मज्जेपर्यंत पोहोचतात. मज्जेत रक्तवाहिन्या व तंत्रिका (मज्जातंतू) असतात. दंतिन उघडे पडले की थंड, गरम व आंबट पदार्थांनी दात शिवशिवतात, याचे कारण हेच होय.

दंतवल्क काहीसे पारभासक (प्रकाश अंशतः आरपार जाऊ देणारे) असते व त्यातून खालच्या दंतिनाची पिवळसर छटा डोकावते. म्हणून निरोगी दात खडूसारखा पांढराशुभ्र कधीच नसतो. हिरडीजवळ तो अधिक पिवळसर, तर कडेजवळ निळसर-करडा दिसतो. वयोमानाने दंतवल्क झिजून पातळ होते, दंतिन दाट होते आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. वरच्या पटाशीच्या दातांवर दंतवल्काची जाडी कडेजवळ सु. १ मिमी. असते, तर हिरडीजवळ ती ०·३ ते ०·४ मिमी. इतकी कमी होते. सुमारे अर्धा मिमी. घासण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, ती दाताच्या मध्यभागी दंतवल्काच्या आत राहते. हिरडीजवळ मात्र तेवढ्यानेच दंतिन उघडे पडू शकते.

इतिहास : दात सुशोभित करण्याची प्रथा प्राचीन आहे. मध्य अमेरिकेतील माया लोक जिवंत माणसाच्या पुढील दातांना बारीक भोके पाडून त्यांत जेड व इतर खडे बसवीत. सध्याच्या अर्थाने व्हिनियरचा आरंभ मात्र अमेरिकेतील चित्रपटसृष्टीत झाला. कॅलिफोर्नियातील चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने १९२० ते १९४० या दोन दशकांच्या संधिकाळात हॉलिवुडमधील नटनट्यांच्या दातांवर बसविण्यासाठी पोर्सलिनाची व पुढे ॲक्रिलिकाची पातळ कवचे तयार केली. कवळी घट्ट बसण्यासाठी वापरावयाच्या चिकट भुकटीने ती तात्पुरती चिकटवीत आणि चित्रीकरण संपल्यावर काढून ठेवीत. शर्ली टेंपल या बालअभिनेत्रीचे दुधाचे दात पडले, तेव्हा पडद्यावर फट दिसू नये म्हणून तिच्यासाठीही पिंकस यांनी अशी कवचे केली होती. ही कवचे लावून जेवता येत नसे, परंतु त्यांच्यासाठी दात घासावाही लागत नसे.

कवच कायमचे चिकटविण्याची अडचण दूर होण्यास सु. अर्धशतक लागले व त्यासाठी तीन स्वतंत्र शोध एकत्र यावे लागले. पहिला शोध मायकेल ब्वोनोकोर (१९१८–८१) यांचा. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे काम करीत असताना १९५५ साली त्यांनी असे दाखविले की, दंतवल्कावर फॉस्फोरिक अम्ल ३० सेकंद ठेवून धुतल्यास त्यावर ॲक्रिलिक रेझीन पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटते. धातूवर रंग नीट बसावा म्हणून त्याला आधी अम्लाने खरबरीत करण्याची उद्योगधंद्यातील रीत त्यांच्यासमोर होती. दुसरा शोध रॅफेल बोवेन यांचा. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय मानक संस्थेत त्यांनी कमी आकुंचन पावणारे नवे रेझीन तयार केले व त्यात सिलिकेचे सूक्ष्म कण मिसळून संमिश्र रेझीन सिद्ध केले. त्याचे एकस्व (पेटंट) १९६२ साली देण्यात आले. या दोन शोधांच्या आधारे १९७० नंतरच्या दशकात कारखान्यात तयार केलेली ॲक्रिलिकाची कवचे दातावर चिकटविण्यात येऊ लागली; पण ती लवकर झिजत, त्यांचा रंग बदले व कडा सुटत.

पोर्सलीन टिकाऊ असले, तरी गुळगुळीत असल्याने रेझिनाला त्यावर पकड मिळत नसे. फ्रान्समधील आलँ रोशेत यांनी १९७५ साली मोडलेल्या पटाशीच्या दातांसाठी पोर्सलिनावर सिलेन या संयुगाचा लेप देऊन ते चिकटविण्याची पद्धत वर्णन केली. त्यानंतर १९८३ साली अमेरिकेत सायमनसन व कॅलामिया यांनी पोर्सलिनाची आतील बाजू हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने कोरल्यास रेझिनाची पकड पुष्कळ वाढते असे प्रयोगांनी सिद्ध केले. त्याच वर्षी हॉर्न यांनी अशी कोरलेली कवचे दातावर बसविण्याची कृती प्रसिद्ध केली. सध्या रूढ असलेले पोर्सलिनाचे व्हिनियर तेथून प्रचारात आले. झुरिक येथे १९८५ साली संगणकाच्या साह्याने मृत्तिका द्रव्याच्या ठोकळ्यातून दाताचा भरणा कोरून काढण्यात यश आले. पुढे ही पद्धती व्हिनियरलाही लागू करण्यात आली.

चिकटण्याचे तत्त्व : दंतवल्क हे सूक्ष्म शलाकांचे (कांड्यांचे) बनलेले असते. प्रत्येक शलाकेची जाडी सु. ५ मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिमी.चा हजारावा भाग) असते. ३० ते ४० टक्के तीव्रतेचे फॉस्फोरिक अम्ल १५ ते ३० सेकंद लावले असता शलाकांचे काही भाग अधिक व काही कमी विरघळतात आणि पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रे पडतात. पाण्याने धुऊन सुकविल्यावर तो भाग खडूसारखा निस्तेज दिसतो. त्यावर पातळ द्रवरूप रेझीन लावले की, ते या छिद्रांत शिरते व तेथेच कठीण होते. भिंतीच्या सांध्यांत चुना शिरून घट्ट व्हावा, तसाच हा प्रकार असतो. हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने कोरलेल्या पोर्सलिनाच्या आतील बाजूसही अशीच छिद्रे असतात. शिवाय सिलेनाचा रेणू एका टोकाने पोर्सलिनातील सिलिकेशी व दुसऱ्या टोकाने रेझिनाशी रासायनिक बंधाने जोडला जातो. अशा रीतीने दात, रेझीन व पोर्सलीन यांचा एकजीव थर तयार होतो. हाताळताना सहज तडकणारे हे कवच दातावर पक्के बसल्यानंतर चावण्याचा ताण सहन करते, कारण तो ताण त्याच्यामागील दाताकडे जातो.

दंतिनावर ही क्रिया तितकी समाधानकारक होत नाही. दंतिन ओलसर असते व त्यात प्रथिनतंतूंचे प्रमाण अधिक असते. जपानमधील नोबुओ नाकाबायाशी व त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली दंतिनातील तंतूंच्या जाळ्यात रेझीन शिरून मिश्र थर तयार होतो असे दाखविले व त्यामुळे दंतिनावरही कवच चिकटविणे शक्य झाले. तथापि ही पकड काळाच्या ओघात पाण्यामुळे कमजोर होत जाते. तसेच दंतिन दंतवल्काहून लवचिक असल्यामुळे त्यावरील ठिसूळ कवचाला तडा जाण्याचा संभव अधिक असतो. म्हणून कवचाच्या सर्व कडा शक्यतो दंतवल्कावर असाव्यात, असा नियम सांगतात.

प्रकार व द्रव्ये : तयार करण्याच्या पद्धतीनुसार व्हिनियरचे दोन मुख्य प्रकार पडतात. (१) प्रत्यक्ष व्हिनियर : संमिश्र रेझिनाचे मऊ थर दातावरच देऊन त्यांना आकार देतात व निळ्या प्रकाशाने ते कठीण करतात. हे काम बहुधा एकाच बैठकीत होते, दात फारसा घासावा लागत नाही, खर्च कमी येतो व मोडल्यास दुरुस्ती सोपी असते. परंतु रेझिनाची चकाकी हळूहळू जाते, चहा, तंबाखू इत्यादींचे डाग त्यावर पडतात व काही वर्षांनी त्याचा पृष्ठभाग नव्याने करावा लागतो. (२) अप्रत्यक्ष व्हिनियर : दाताचा ठसा घेऊन प्रयोगशाळेत कवच तयार करतात व नंतर ते दातावर चिकटवितात. यासाठी मुख्यतः पोर्सलीन वापरतात.

फेल्स्पारयुक्त पोर्सलीन हे यांतील जुने व दिसण्यास सर्वांत नैसर्गिक द्रव्य होय. त्याची भुकटी पाण्यात कालवून उच्च तापमान सहन करणाऱ्या साच्यावर किंवा प्लॅटिनमाच्या अतिशय पातळ वर्खावर थराथराने रचतात व भट्टीत भाजतात. निरनिराळ्या छटांचे थर देऊन कारागीर दाताचा पिवळसर बुंधा व पारभासक कड हुबेहूब उतरवितो. हे द्रव्य ठिसूळ असते. लिथियम डायसिलिकेट या स्फटिकयुक्त काचेचे बल त्याच्या कित्येक पट असते. हे द्रव्य वितळवून दाबाने साच्यात भरतात किंवा त्याच्या ठोकळ्यातून संगणकनियंत्रित यंत्राने कवच कोरून काढतात. दात मूळचेच लहान किंवा आत झुकलेले असतील, तर काही वेळा दंतवल्क मुळीच न घासता किंवा केवळ खरबरीत करून ०·३ मिमी. जाडीचे कवच बसविता येते. मात्र नेहमीच्या ठेवणीच्या दातावर असे कवच बसविल्यास दात फुगीर दिसतो व हिरडीजवळ कीटण साचते.

उपयोग : पुढील दोषांमध्ये व्हिनियरचा उपयोग होतो : (१) दाताच्या आतील भागातच मुरलेले व विरंजनाने (रंग उडविण्याच्या क्रियेने) न जाणारे डाग, (२) अपघाताने टवका उडालेला किंवा कडेला झिजलेला दात, (३) जन्मतः लहान किंवा खुंटीच्या आकाराचा राहिलेला दात, उदा., पटाशीच्या मधल्या दोन दातांलगतचा दात; (४) दातांमधील मर्यादित फटी; (५) दंतवल्काच्या निर्मितीतील दोष.

आतील डागांपैकी टेट्रासायक्लीन या प्रतिजैविकामुळे पडणारे करडे किंवा तपकिरी पट्टे हा एक प्रकार आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात मातेला किंवा सु. आठ वर्षे वयापर्यंत मुलाला हे औषध दिल्यास ते घडत असलेल्या दातांत कायमचे मिसळते. भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रकार म्हणजे पाण्यातील जादा फ्ल्युओराइडामुळे होणारा दंत फ्ल्युओरोसिस. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्ल्युओराइडाचे प्रमाण लिटरला १ मिग्रॅ. पर्यंत असावे व दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ते १·५ मिग्रॅ. पर्यंत चालते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांतील विंधनविहिरींच्या पाण्यात ते यापेक्षा अधिक आढळले आहे. असे पाणी लहानपणी पिण्यात आल्यास दातांवर पांढुरके चट्टे, तपकिरी पट्टे व तीव्र विकारात खड्डे पडतात. हे डाग घासून जात नाहीत. तरुण मुलामुलींना त्यामुळे हसताना तोंडावर हात धरण्याची सवय लागते व विवाह, नोकरी यांसारख्या प्रसंगी संकोच वाटतो. अशा दातांच्या दंतवल्काचा बाहेरचा थर अम्लाला दाद देत नाही. त्यामुळे तो अधिक वेळ कोरावा लागतो. व्हिनियरने एका व्यक्तीचे दात सुधारतात. गावातील पुढच्या पिढीचे दात मात्र सुरक्षित पाणी मिळाल्यानेच वाचतात.

अधिक सौम्य उपाय : व्हिनियरचा विचार करण्यापूर्वी दंतवल्क राखणारे उपाय पुरेसे आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. चहा, पान, तंबाखू व मिस्री यांचे डाग दाताच्या बाहेरच्या बाजूस असतात. कीटण काढून दात स्वच्छ व गुळगुळीत केल्यास ते बहुतांशी जातात. तंबाखू व मिस्री वापरणाऱ्यांच्या हिरड्यांची व गालाच्या आतील बाजूची तपासणी कोणत्याही सौंदर्योपचाराआधी करणे इष्ट असते, कारण तेथील पांढरे चट्टे कर्करोगाची पूर्वावस्था असू शकतात. वयोमानाने आलेला पिवळेपणा पेरॉक्साइडाने विरंजन करून कमी करता येतो. फ्ल्युओरोसिसाचे सौम्य चट्टे सौम्य अम्ल व प्यूमिस दगडाची भुकटी यांच्या मिश्रणाने घासून किंवा त्यांत पातळ रेझीन जिरवून फिके करतात. वाकडेतिकडे दात तारेने सरळ करण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात, तर तेच दात घासून व्हिनियरने एका महिन्यात सरळ दिसू लागतात. पण पहिल्या उपायात दाताचा कणही कमी होत नाही. लहानसा टवका संमिश्र रेझिनाने भरता येतो.

काही परिस्थितींत व्हिनियर वर्ज्य किंवा अयोग्य मानतात. किडके दात व हिरड्यांचा दाह यांवर आधी उपचार करावे लागतात. दंतवल्क फारच कमी शिल्लक असेल, दातात मोठे भरणे असतील किंवा झोपेत दात करकर खाण्याची सवय असेल, तर कवच टिकण्याची शाश्वती कमी होते. किशोरवयात दाताची मज्जा मोठी असते व हिरडीची पातळी स्थिर झालेली नसते. म्हणून कायमचे व्हिनियर सामान्यतः अठराव्या वर्षांनंतर करतात.

कृती : पहिल्या भेटीत दात व हिरड्यांची तपासणी, क्ष-किरण चित्रे, छायाचित्रे व दातांचे ठसे घेतात. ठशांवरून तयार केलेल्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर मेणाने नियोजित आकार देतात. त्याच आकाराचे तात्पुरते रेझीन दात न घासता रुग्णाच्या तोंडात बसवून दाखविता येते. आरशात पाहून, बोलून व घरच्या माणसांचे मत घेऊन रुग्णाला येथे आपला विचार बदलता येतो. वरच्या दातांची लांबी योग्य आहे किंवा नाही, हे ‘व’ सारखे दंतोष्ठ्य वर्ण उच्चारताना वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाला कशा टेकतात, यावरूनही ठरवितात. रंगाची निवड नमुन्याच्या दातांशी तुलना करून दिवसाच्या उजेडात करतात. दात कोरडा पडला की अधिक पांढरा दिसतो, म्हणून हे काम प्रारंभीच उरकतात.

त्यानंतर आवश्यक तर भूल देऊन खोलीच्या खुणा पाडणाऱ्या हिरकणीच्या फिरत्या अवजाराने दर्शनी बाजू ०·३ ते ०·५ मिमी. घासतात. खोली मूळच्या पृष्ठभागावरून न मोजता नियोजित आकारावरून मोजल्यास पुष्कळ दंतवल्क वाचते, कारण झिजलेल्या जागी दाताची जाडी आधीच कमी झालेली असते. हिरडीच्या काठाशी एक गोलसर पायरी ठेवतात. नंतर सिलिकोन रबराने ठसा घेतात किंवा प्रकाशीय यंत्राने दाताचे त्रिमितीय चित्र संगणकात उतरवितात व दातावर तात्पुरते आवरण बसवितात. प्रयोगशाळेतील कामास सामान्यतः एक ते दोन आठवडे लागतात.

शेवटच्या भेटीत कवचे आधी न चिकटविता बसवून पाहतात. ती पारभासक असल्यामुळे खालच्या रेझिनाची छटाही अंतिम रंगात मिसळते. म्हणून रंगीत लेप वापरून परिणाम पाहतात व रुग्णाची संमती घेतात. हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल ऊतकांना (शरीराच्या पेशीसमूहांना) अत्यंत घातक असल्याने कवच कोरण्याचे काम तोंडाबाहेरच करतात. लाळेचा स्पर्श झाल्यास पकड बिघडते. याकरिता दातांभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. दात अम्लाने कोरून, धुऊन व सुकवून त्यावर रेझीन लावतात, कवच दाबून बसवितात, बाहेर आलेले जादा रेझीन काढतात व निळ्या प्रकाशाने रेझीन कठीण करतात. अखेरीस रंगीत कागद चावावयास देऊन दातांवर कोठे अधिक दाब येतो ते पाहतात व तेवढा भाग गुळगुळीत करतात.

टिकाऊपणा व निगा : पोर्सलिनाचे व्हिनियर योग्य रुग्णात व दंतवल्कावर बसविल्यास दीर्घकाळ टिकते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा वर्षांनंतर सु. ९३ टक्के व वीस वर्षांनंतर सु. ८३ टक्के कवचे शाबूत राहतील, असा हिशोब निघाला. दात खाण्याची सवय असलेल्यांत अपयशाचे प्रमाण लक्षणीय रीत्या अधिक होते. कवचाला तडा जाणे, त्याचा टवका उडणे, ते सुटणे, कडेला डाग पडणे व कडेखाली दात किडणे हे मुख्य दोष होत. पोर्सलीन किडत नाही. पण त्यामागचा दात किडू शकतो. वयोमानाने हिरडी मागे सरली की, कवचाची कड व मूळ दाताचा रंग उघडा पडतो. शेजारच्या दातांचा रंग काळानुसार बदलत असताना कवचाचा रंग मात्र तोच राहतो.

मऊ ब्रशने दोनदा दात घासणे, दातांच्या फटी दोऱ्याने साफ करणे, खरखरीत दंतमंजन व राखुंडी टाळणे, सुपारी फोडणे, नखे कुरतडणे व दातांनी दोरा तोडणे या सवयी सोडणे आणि ठरावीक काळाने तपासणी करून घेणे एवढी निगा पुरते. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री वापरण्यासाठी प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण देतात.

आयुर्मानाच्या आकड्यांचा अर्थ रुग्णाच्या वयाशी जोडून लावावा लागतो. पंचविसाव्या वर्षी बसविलेले कवच वीस वर्षे टिकले, तरी पुढील आयुष्यात ते एक किंवा दोन वेळा बदलावे लागणार असते. दर वेळी जुने कवच काढताना दाताचा आणखी थोडा भाग जातो, दंतवल्क कमी होते व पुढच्या कवचाची पकड आधीपेक्षा कमकुवत होते. शेवटी टोपी बसविण्यावाचून उपाय राहत नाही.

सामाजिक बाजू : सुंदर दात कोणते, याविषयीच्या कल्पना देशकालानुसार बदलत आल्या आहेत. संस्कृत व मराठी काव्यांत दातांना कुंदकळ्यांची व डाळिंबाच्या दाण्यांची उपमा दिलेली आढळते. परंतु जुन्या काळी महाराष्ट्रातील स्त्रिया दातवण लावून दात काळेही करीत. जपानमध्ये लोखंडाच्या द्रावणाने व टॅनिनाने दात काळे करण्याची प्रथा प्रतिष्ठेची मानली जाई; मेजी काळात, १८७० नंतर ती मागे पडली. चित्रपट, दूरचित्रवाणी व अलीकडे समाजमाध्यमे यांमुळे एकसारख्या, लांब व अतिशय शुभ्र दातांची आवड जगभर पसरली आहे. ही छटा निसर्गतः कोणत्याही दाताची नसते.

या आवडीमुळे निरोगी दात घासून घेण्याचे प्रमाण वाढले असून त्याविषयी दंतवैद्यांनी चिंता व्यक्त केली आहे. २०२० नंतरच्या काळात ब्रिटनमधून स्वस्त उपचारासाठी तुर्कस्तानात जाणाऱ्या काही तरुणांचे दात व्हिनियरच्या नावाखाली टोपीसाठी घासले गेल्याची उदाहरणे तेथे बरीच चर्चिली गेली. असे दात खुंटासारखे बारीक होतात, त्यांची मज्जा दुखावण्याचा धोका राहतो व जन्मभर त्यांवर टोप्या घालाव्या लागतात. म्हणून उपचाराआधी रुग्णाने आपल्याला व्हिनियर बसविणार की टोपी, दात किती घासणार, न घासता काम भागेल काय आणि कवच निकामी झाल्यावर पुढे काय करावे लागेल, हे नोंदणीकृत दंतवैद्याकडून समजून घेणे आवश्यक असते. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या अशा उपचाराचा खर्च वैद्यकीय विम्यातून सामान्यतः मिळत नाही. तेव्हा पुढील बदलांचा खर्चही आधीच लक्षात घ्यावा लागतो.

फ्ल्युओरोसिसाने डागाळलेला, अपघाताने मोडलेला किंवा जन्मतः अपुरा दात असलेल्या व्यक्तीस व्हिनियरने संकोच न बाळगता हसता येते. टोपीच्या तुलनेने दाताची हानीही पुष्कळ कमी होते. हा या तंत्राचा खरा लाभ होय. निरोगी दातावर केवळ हौसेपोटी ते वापरताना मात्र पुन्हा न मिळणारे दंतवल्क खर्ची पडते. पिंकस यांची कवचे सायंकाळी काढून ठेवता येत आणि नटाचा दात जसाच्या तसा राही; आधुनिक कवच त्यांहून कितीतरी सुबक व टिकाऊ असले, तरी दात घासून बसविलेले कवच काढून मूळचा दात परत मिळविता येत नाही.